ऑगस्टमध्ये उभं असलेलं झाड: भूमध्यसागरी हवामानातल्या कोरड्या बागेसाठी रानझाडं कशी ओळखावीत

भूमध्यसागरी हवामानात बिनपाण्याची बाग करायची असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी जवळच्या रानउतारावर जा, आणि जमलं तर ऑगस्टच्या शेवटी जा. मे महिन्यापासून पाऊस नाही, गवत वाळून गेलंय, दगडाला हात लावला तर चटका बसतो, आणि तरी काही झुडपं उभी आहेत. त्यांना कुणी पाणी घातलेलं नाही की खत दिलेलं नाही. तुमच्या बागेला हवीत ती हीच झाडं.

अडचण अशी की या दिवसांत त्यांच्यावर फूल नसतं, निम्मी पानं गळलेली असतात, आणि नाव शोधायला लागणाऱ्या खुणांपैकी फारच थोड्या हाताशी असतात. एप्रिलमध्ये सगळं फुललेलं असतं, नाव चटकन कळतं; पण तेव्हा पाण्यावर जगणारं झाड आणि पाण्यावाचून जगणारं झाड सारखंच टवटवीत दिसतं. म्हणून इथे सांगितलेली सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: तेच झाड वर्षातून दोनदा पाहायचं. वसंतात त्याचं नाव ठरवायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटी त्याची ताकद.

हे हवामान जगात पाच ठिकाणी आढळतं: भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा केप प्रदेश आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग. हिवाळा ओला आणि सौम्य, उन्हाळा लांब आणि कोरडा. झाडांची वाढ पहिल्या पावसापासून मेपर्यंत चालते, आणि जून ते सप्टेंबर ती नुसती तग धरतात. पाचही प्रदेश मिळून पृथ्वीवरच्या जमिनीचा ५ टक्क्यांहून कमी भाग व्यापतात, पण जगातल्या ज्ञात संवहनी वनस्पतींपैकी (म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या वनस्पतींपैकी) सुमारे २० टक्के जाती तिथे आहेत. म्हणजे निवडीला तोटा नाही. मी उदाहरणं मुख्यतः भूमध्य समुद्राभोवतालची घेतली आहेत. दक्षिण गोलार्धात राहणाऱ्यांनी ऑगस्टच्या जागी फेब्रुवारी वाचावा.

१. आधी आपले कोरडे महिने मोजा

‘दुष्काळ सोसणारं’ हे शब्द रोपांच्या लेबलवर फार सैलपणे छापलेले असतात. तीन कोरडे महिने सोसणं आणि सहा सोसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्षाच्या एकूण पावसावरूनही काही कळत नाही. लंडन आणि दक्षिण फ्रान्समधलं मोंपेलिए या दोन्ही ठिकाणी वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण लंडनचा बाराही महिने विखुरलेला असतो, तर मोंपेलिएत उन्हाळ्याच्या वाट्याला त्यातला फार थोडा येतो.

यासाठी गोसेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने बान्यूल या सहकाऱ्यासोबत १९५३ साली मांडलेला साधा नियम वापरा. महिन्याचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या. त्याच महिन्याचं सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये घेऊन त्याची दुप्पट करा. पाऊस त्या दुपटीपेक्षा कमी भरला, तर तो महिना कोरडा. जुलैचं सरासरी तापमान २५ अंश असेल, तर ५० मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचा जुलै कोरडा धरायचा. या हिशेबाने मोंपेलिएत साधारण तीन महिने कोरडे निघतात, अथेन्समध्ये पाच ते सहा.

तुमच्या गावाचे आकडे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतील. आधी आपला आकडा काढा, मग पुढे ज्या झाडाचा विचार कराल त्याच्या मूळ प्रदेशाचा आकडा काढा. झाडाच्या घरचा आकडा तुमच्याइतका किंवा त्याहून मोठा असला पाहिजे. एवढ्या एका गाळणीने अर्धी यादी गळून पडते, आणि ती गळलेलीच बरी.

२. पायाखालची माती

दोन चाचण्या पुरतात. मूठभर कोरडी माती घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडीची. काहीच झालं नाही तर बहुधा तटस्थ किंवा आम्लधर्मी. हे महत्त्वाचं आहे, कारण रानात झाडं यानुसारच वाटली गेलेली असतात. सिस्टस लाडानिफर हे झुडूप, झाडासारखी वाढणारी हेदर म्हणजे एरिका आर्बोरिया, आणि डोक्यावर जांभळा तुरा मिरवणारं लॅव्हेंडर, लॅव्हेंड्युला स्टीकास, यांना चुन्याची जमीन मानवत नाही. रोझमेरी, काटेरी पानांचा छोटा ओक क्वेर्कस कोक्सिफेरा, फ्लोमिसची झुडपं ही मंडळी चुनखडीच्या खडकावर मजेत असतात.

दुसरी चाचणी निचऱ्याची. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही साचलेलं दिसलं, तर उंच वाफे करून त्यात खडी मिसळल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोरड्या प्रदेशातली झाडं तहानेपेक्षा हिवाळ्यात मुळाशी साचलेल्या पाण्याने जास्त मरतात.

३. कोणत्या रानात पाहायचं

आपल्या बागेसारखीच जागा शोधा: तोच खडक, तीच उंची, तोच उन्हाचा मारा. दक्षिणेकडे तोंड असलेला उघडा उतार (दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचा) सगळ्यात कडक परीक्षा घेतो. सोडून दिलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, दगडी बांध, रस्ता खोदताना कापलेल्या दरडी या जागा शिकायला उत्तम, कारण तिथे मातीचा थर किती पातळ आहे ते डोळ्यांना दिसतं. ठेंगण्या झुडपांच्या या रानाला ठिकठिकाणी वेगळी नावं आहेत: फ्रान्समध्ये गारीग, ग्रीसमध्ये फ्रिगाना, कॅलिफोर्नियात चॅपराल, केपमध्ये फिनबॉस. स्थानिक माहितीपत्रकांत हेच शब्द भेटतील.

ऑगस्टमध्ये वणव्याच्या भीतीने अनेक रानं बंद ठेवतात. दक्षिण फ्रान्समधल्या काही डोंगररांगांत धोक्याच्या दिवशी पाऊल टाकायलाही मनाई असते. आदल्या दिवशी चौकशी करा, पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परता.

आता सगळ्यात मोठ्या फसगतीबद्दल. उन्हाळ्यात तुम्हाला एखाद्या कोरड्याठाक नदीपात्रात कण्हेर दिसेल, गुलाबी फुलांनी लगडलेली. पान जाड, चामड्यासारखं. भिंगातून पानाची खालची बाजू पाहिली तर बारीक खळगे दिसतात, त्यांत लव, आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वासाची सूक्ष्म छिद्रं, त्या खळग्यांत दडवलेली. दुष्काळी झाडाच्या सगळ्या खुणा हजर. पण ती उभी आहे कुठे ते पाहा. पात्र वरून कोरडं असलं तरी खाली ओल आहे, आणि कण्हेरीची मुळं तिथे पोचलेली आहेत. दहा पावलं वर, खडकाळ उतारावर, एकही कण्हेर उगवलेली नसते. निर्गुडीच्या कुळातलं व्हायटेक्स अ‍ॅग्नस-कॅस्टसही असंच पात्रात आढळतं. बागेत कण्हेर चिवटपणे टिकते हे खरं, पण पातळ मातीच्या उंचवट्यावर ती पाण्यावाचून फुलेल अशी अपेक्षा धरू नका.

म्हणून नियम असा: झाड पाहण्याआधी त्याची जागा पाहा. ओहोळ, रस्त्याकडेचा चर, खडकाखालचा पाझर, शेताच्या ठिबकची नळी यांच्या जवळचं झाड कितीही हिरवं असलं तरी यादीत घ्यायचं नाही. याला एक सुंदर अपवाद केपर या झुडपाचा. कॅपरिस स्पिनोझा भर उन्हाळ्यात भिंतीच्या फटीत हिरवीगार वाढते आणि फुलते, कारण तिची मुळं खडकांच्या भेगांतून फार खोल गेलेली असतात. तिच्याभोवती पाण्याचा मागमूस नसतो. हिरवेपणाचं कारण शोधल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, एवढंच दोघींकडून शिकायचं.

४. झाडाने कोणता मार्ग पत्करलाय ते ओळखा

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो. दुष्काळ सोसण्याचे मार्ग मोजकेच आहेत, आणि एकदा ते डोळ्यांत बसले की नाव माहीत नसलेलं झाडही पुष्कळ काही सांगून जातं. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा. अनोळखी रानात पुस्तकापेक्षा ते अधिक कामाला येतं.

रोझमेरीपासून सुरुवात करा, कारण ती कुठेही मिळते. एक पान तोडून उलटं करा. नुसत्या डोळ्यांना ते सुईसारखं वाटतं. भिंगाखाली कळतं की ते चांगलं रुंद पान आहे, फक्त त्याच्या दोन्ही कडा खाली दुमडल्या आहेत. दुमडलेल्या कडांमध्ये एक अरुंद खाच उरते, खाचेत पांढऱ्या लवेचा दाट थर, आणि पर्णरंध्रं त्या लवेखाली. वाऱ्याचा झोत तिथे पोचत नाही, म्हणून आतली दमट हवा आतच राहते आणि पानातलं पाणी हळूहळू उडतं. वरची बाजू गुळगुळीत, गडद. दुमडलेली कड आणि खाली पांढरी खाच ही जोडी दुसऱ्या कुठल्या झुडपावर दिसली की थांबून नीट पाहा.

करडी-रुपेरी लव ही दुसरी खूण. ती ऊन परतवते आणि पानालगतची हवा स्थिर ठेवते. पण नुसत्या करड्या रंगावर जाऊ नका. फ्लोमिस फ्रुटिकोसा हे पिवळ्या फुलांचं झुडूप फेब्रुवारीत पाहाल तर पानं मोठी, मऊ, हिरवटसर. तेच झुडूप ऑगस्टमध्ये पाहाल तर मोठी पानं गळून गेलेली, फांद्यांच्या टोकांना लहान, जाड, दाट लवेची पानं, रंग पिवळट-करडा. झाड एकच, पण पानांचे दोन जोड. ग्रीस आणि त्याच्या पूर्वेकडच्या उतारांवर सर्रास आढळणारं काटेरी सार्कोपोटेरियम स्पिनोसमही हेच करतं: हिवाळ्यातली पानं टाकून उन्हाळ्यात अगदी बारीक पानांवर दिवस काढतं. अशी हंगामी पानबदल करणारी झुडपं कोरड्या बागेचा कणा आहेत असं माझं मत आहे. ती फार देखणी राहत नाहीत, पण मरत नाहीत.

काही झाडं उन्हाळ्यात सरळ झोपी जातात. युफोर्बिया डेन्ड्रॉइडिस हे घुमटाकार झुडूप वसंताच्या शेवटी तांबूस-नारिंगी होतं, पानं टाकतं, आणि शरदातल्या पावसानंतर पुन्हा हिरवं होतं. कॅलिफोर्नियाचा बकआय, एस्क्युलस कॅलिफोर्निका, भर उन्हाळ्यात निष्पर्ण उभा असतो. नवख्या माणसाला वाटतं झाड गेलं. नखाने फांदी जरा खरवडा. सालीखाली हिरवा थर दिसला तर ते जिवंत आहे. ही चाचणी पुढेही लागणार आहे.

कंद त्याही पुढे गेलेले. समुद्रकांदा म्हणजे ड्रिमिया मारिटिमा उन्हाळ्यात जमिनीवर काहीच दाखवत नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पहिल्या पावसाआधीच, पानाशिवाय नुसता पांढऱ्या फुलांचा उंच दांडा वर काढतो. पानं मागाहून येतात. सायक्लेमेन, स्टर्नबर्गिया, मस्कारी हे याच पठडीतले. त्यांना शोधायचं तर वाळक्या दांड्यांवर आणि बोंडांवर नजर ठेवावी लागते.

बाकीच्या खुणा लवकर लक्षात येतात. पानांचं काम हिरव्या फांद्यांकडे सोपवलेलं स्पार्टियम जुन्सियम. पानं उभी धरून दुपारच्या उन्हाला फक्त कड दाखवणारी कॅलिफोर्नियातली मँझनिटा. गरदार पानांचं सेडम सेडिफॉर्मे. उशीसारखी गच्च, काटेरी वाढ असलेलं युफोर्बिया अकँथोथॅम्नोस. चोळल्यावर तेलाचा उग्र वास देणारं थाइम, थिंब्रा कॅपिटाटा. वासावरून मात्र फार ताणू नका. पुदिनाही वासाचाच असतो आणि त्याला ओल लागते.

५. नाव पक्कं करणं

नाव हवंच. त्यावाचून मूळ प्रदेश कळत नाही, विषारी आहे का ते कळत नाही, रोप मागता येत नाही. यासाठी मार्च ते मेमध्ये, फूल असताना त्याच झाडाकडे जा. फोनमध्ये ठिकाण नोंदवून ठेवा, नाहीतर दुसऱ्या हंगामात तेच झुडूप सापडणं कठीण.

फोटो काढताना बहुतेक जण फक्त फूल काढतात, आणि ओळख तिथेच अडते. अख्खं झाड, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की आळीपाळीने, पानाची वरची आणि खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, पाकळ्यांखालची हिरवी निदलं, फळ किंवा बोंड, खोड, आणि आजूबाजूची जमीन: एवढं घ्या. एका फोटोत मोजपट्टी ठेवा.

मग कूळ ठरवा. कुळावरून जातीकडे जाणं सोपं. उलट दिशेने गेलात की भरकटता. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल असेल तर तुळशीचं कूळ, म्हणजे लॅमिएसी. या हवामानातली निम्मी सुगंधी झुडपं त्यात सापडतील. त्यातही पुंकेसर मोजा: साल्वियात दोन, फ्लोमिसमध्ये चार. रोझमेरीतही दोनच, आणि २०१७ पासून तिला साल्विया रोझमरिनस म्हणून साल्विया प्रजातीतच धरतात, हे लेबलांवर जुनं नाव वाचताना ध्यानात असू द्या. वरचा ओठच नसेल, फुलाला फक्त खालची जीभ असेल, तर ते ट्युक्रियम.

चुरगळलेल्या रेशमासारख्या पाच पाकळ्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुपका, दुपारपर्यंत पाकळ्या खाली पडलेल्या: सिस्टस. इथे निदलं मोजायची. लाडानिफर आणि लॉरिफोलियसला तीन. क्रेटिकस, अल्बिडस, साल्विफोलियस, मॉन्स्पेलिएन्सिस यांना पाच. पाच असतील तर पुढे रंग आणि पान. फूल गुलाबी असून पान करडं, सपाट, बिनदेठाचं असेल तर अल्बिडस. गुलाबी असून पान सुरकुतलेलं आणि देठ असलेलं असेल तर क्रेटिकस. फूल पांढरं असून पान अरुंद, लांबट, चिकट असेल तर मॉन्स्पेलिएन्सिस. पांढरंच असून पान छोटं, अंडाकृती, खरखरीत, देठाचं असेल तर साल्विफोलियस. सिस्टस एकमेकांत सहज संकर करतात, त्यामुळे खुणा मिसळलेल्या आढळल्या तर ओढूनताणून नाव देऊ नका.

फुलाशिवायही काही जोड्या सोडवता येतात. पिस्ताशिया लेंटिस्कस सदाहरित, आणि तिच्या संयुक्त पानाच्या (अनेक छोट्या पर्णिका मिळून बनलेल्या पानाच्या) टोकाला एकटी पर्णिका नसते. पिस्ताशिया टेरेबिंथस हिवाळ्यात पानं गाळते आणि तिच्या टोकाला पर्णिका असते. दोन ओकांमध्ये गोंधळ झाला तर पान उलटं करा. खाली करडी लव असेल तर क्वेर्कस आयलेक्स. दोन्ही बाजू गुळगुळीत, चकचकीत आणि कड काटेरी असेल तर कोक्सिफेरा.

आय-नॅचरलिस्ट आणि प्लांटनेट ही अ‍ॅप्स खूप मदतीची आहेत, पण त्यांचं उत्तर ही सुरुवात समजा. अ‍ॅपने दिलेलं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासा; तिथे मूळ प्रदेशाचा नकाशा आणि जुनी नावं दोन्ही मिळतात. कॅलिफोर्नियासाठी जेप्सन ई-फ्लोरा आणि पश्चिम ऑस्ट्रेलियासाठी फ्लोराबेस अधिक नेमके. नकाशात तुमचा प्रदेश नसेल, तर नाव चुकलंय किंवा झाड बाहेरून आलंय. आणखी एक चांगला उपाय म्हणजे पाट्या लावलेली झाडं पाहणं. मोंपेलिएचं १५९३ सालापासूनचं वनस्पती उद्यान, केपटाउनचं कर्स्टनबॉश, पर्थचं किंग्ज पार्क, सांता बार्बराचं वनस्पती उद्यान यांत तासभर घालवला तर डोळा तयार होतो. अथेन्सजवळच्या खडकाळ टेकडीवर जॅकलिन टिर्व्हिट यांनी १९६०च्या दशकात वसवलेली स्पारोझा ही बाग आज मेडिटरेनियन गार्डन सोसायटीचं केंद्र आहे. हाच विचार घेऊन काम करणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

६. ऑगस्टमधली तपासणी

नाव ठरलेल्या झाडाकडे पुन्हा जा. पानं गळली का, गुंडाळली का, रंग बदलला का हे लिहा, पण त्यावरून पास-नापास ठरवू नका. पानं टाकणं हा त्याच्या मार्गाचा भाग असू शकतो. फांद्यांची टोकं पाहा. टोकावरची कळी घट्ट आणि लवचिक असेल तर झाड वाट पाहतंय. टोकांपासून मागे फांद्या कटकन मोडत असतील तर त्याला जड जातंय.

सगळ्यात भरवशाचा पुरावा बहुतेक लोक पाहतच नाहीत: आसपासची पिल्लं. जुन्या झुडपाची मुळं वर्षानुवर्षं खडकात घुसलेली असतात, कदाचित एखाद्या ओल्या वर्षात ती रुजलेली असतात. ते उभं आहे याचा अर्थ तुमच्या बागेतलं एक वर्षाचं रोप उभं राहील असा होत नाही. गुडघे टेकून खाली पाहा. त्याच जातीची बोटभर, वीतभर, हातभर उंचीची रोपं ऑगस्टमध्ये जिवंत दिसली, तर ती जात लहान मुळांवरही उन्हाळा काढते. अशी जात मी डोळे मिटून यादीत घेईन. नुसती म्हातारी झुडपं आणि एकही रोप नाही, असं असेल तर सावध राहा. कदाचित शेळ्यामेंढ्यांनी रोपं खाल्ली असतील, कदाचित ती तगतच नसतील. चरलेल्या रानात समुद्रकांदा आणि अ‍ॅस्फोडेल भरपूर दिसतात, कारण जनावरं त्यांना तोंड लावत नाहीत. त्यावरून रानाची अवस्था कळते.

सलग दोन उन्हाळे पाहता आले तर उत्तम.

७. यादीतून काय काढायचं

विषारी झाडं ओळखून ठेवा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी. युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. फांदी मोडायची तर हातमोजे आणि चष्मा हवाच. समुद्रकांद्याचा कंद विषारी आहे आणि त्याच्या रसाने कातडी चुरचुरते. सताप, म्हणजे रूटा, हाताला लागून वर ऊन लागलं तर फोड येतात. छत्रीसारखे फुलोरे असलेलं कोथिंबिरीच्या कुळातलं कुठलंही रानझाड ओळख पूर्ण पटल्याशिवाय चाखू नये; त्या कुळात जीवघेणी झाडं आहेत.

दुसरा प्रश्न बेफाम पसरणाऱ्या झाडांचा, आणि तो मला विषाहून मोठा वाटतो. एका भूमध्यसागरी प्रदेशातलं सोशिक झाड दुसऱ्या तशाच प्रदेशात नेलं की हवामान तेच मिळतं, शत्रू मागे राहतात. दक्षिण आफ्रिकेचं कार्पोब्रोटस एड्युलिस आज भूमध्य समुद्राच्या आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर स्थानिक वनस्पतींना गिळतंय. तिथूनच आलेलं पिवळं ऑक्सालिस पेस-कॅप्रे छोट्या कंदिकांनी पसरतं आणि उपटून संपत नाही. स्पार्टियम जुन्सियम घरच्या उतारावर शोभतं, पण कॅलिफोर्नियात ते उपद्रवी ठरलंय. लॅव्हेंड्युला स्टीकास ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तणांच्या सरकारी यादीत आहे. युरोपीय संघाच्या घातक परकीय जातींच्या यादीत पेनिसेटम सेटॅसियम हे शोभेचं गवत आहे. त्यामुळे स्थानिक यादी पाहिल्याशिवाय एकही बाहेरचं रोप लावू नका. शक्यतो तुमच्याच टेकडीवरचं झाड निवडा, हे माझं ठाम मत आहे.

८. रोप मिळवणं आणि लावणं

रानातलं झाड उपटू नका. उपटलेलं प्रौढ झुडूप बहुधा मरतंच, कारण त्याची खोल मुळं मागे राहतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे. सायक्लेमेन, स्टर्नबर्गिया आणि सगळी ऑर्किड्स आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनाखाली येतात. जमीनमालकाची किंवा वनखात्याची परवानगी घेऊन, संरक्षित क्षेत्र टाळून, अनेक झुडपांवरून थोडं थोडं बी घ्या. रोपं किंवा फाटे सीमेपलीकडून आणू नका. २०१३ साली इटलीच्या पुलिया भागात ऑलिव्हच्या झाडांत झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला आणि त्याने ऑलिव्हच्या बागाच्या बागा वाळवल्या. रोझमेरी आणि लॅव्हेंडरवरही तो राहू शकतो.

सिस्टसचं बी कठीण कवचाचं असतं आणि रानात वणव्याच्या आचेने ते तडकतं. घरी त्यावर गरम पाणी ओतून रात्रभर भिजवा, मग शरदात पेरा. रोपवाटिकेतून घेणार असाल तर सगळ्यात लहान कुंडीतलं रोप मागा. मोठ्या कुंडीतल्या झाडाची मुळं आत गोल फिरलेली असतात आणि ती खाली जायचं नाव घेत नाहीत.

लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. रोपाला पुढचा सगळा हिवाळा मुळं खाली नेण्यासाठी मिळतो. वसंतातली लावणी म्हणजे दोन महिन्यांत त्याला उन्हाळ्याच्या तोंडी देणं. माती ५० ते ६० सेंटिमीटर खोल भुसभुशीत करा, शेणखत किंवा कंपोस्ट घालू नका. खतावर वाढलेली लुसलुशीत फांदी ऑगस्टमध्ये आधी वाळते. केप आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रोटिया कुळातल्या झाडांना तर फॉस्फेटचं खत मारक ठरतं. रोपाभोवती साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं, २० सेंटिमीटर उंच काठाचं आळं करा. वर खडीचं आच्छादन, रोपाच्या खोडाशी थोडी जागा मोकळी सोडून. सिस्टस, रोझमेरी यांसारखी राळेची आणि तेलाची झुडपं घराच्या भिंतीला चिकटून लावू नका. वणव्यात ती भडकतात.

पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, आळं भरून २० ते ३० लिटर पाणी द्या, आणि मधल्या काळात माती पूर्ण वाळू द्या. रोज थोडं थोडं पाणी दिलं तर मुळं वरच्या थरातच घुटमळतात. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या ओल्या मातीत फायटॉप्थोरा ही मूळकूज फोफावते. कॅलिफोर्नियाचं फ्रेमॉन्टोडेन्ड्रॉन आणि अनेक सिॲनोथस उन्हाळी पाण्यानेच दगावतात. ठिबक लावून निश्चिंत होऊ नका.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद. तेव्हा फ्लोमिसची निम्मी पानं गळतील, युफोर्बिया काड्यांचा सांगाडा होईल, सिस्टसची पानं गुंडाळतील, आणि हात आपोआप नळाकडे जाईल. त्याऐवजी वसंतात रानातल्या त्याच जातीचा जो फोटो काढलाय त्याच्याशेजारी ऑगस्टमधला फोटो ठेवून बागेतल्या झाडाशी पडताळा. रानातलंही असंच दिसत असेल तर काही करायचं नाही. शंका असेल तर फांदी खरवडून हिरवा थर पाहा. शरदातल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन-चार आठवडे थांबा, आणि त्यानंतरही कोंब न फुटलेल्या फांद्याच तेवढ्या जिवंत भागापर्यंत छाटा.